गोसावी साहेबांचा फळा

गोसावी साहेबांची आणि माझी ओळख झाली तेव्हा पहिल्याच वाक्याला मी त्यांच्याशी खोटं बोलले. पुनावळ्याच्या साइटवर दुसऱ्या मजल्याचे खांब नुकते भरून झाले होते. साहेब तेव्हा त्या साइटचे इंजिनिअर. दुपारी दोनच्या सुमाराला वर आले. एका खांबाच्या गोणपाटाला त्यांनी हात लावून बघितला, मग दुसऱ्याला, मग तिसऱ्याला. आणि मागं वळून विचारलं, "हे कोणी केलं?"

साइटवर कुणी साहेब असं विचारतो तेव्हा काहीतरी फुटलेलं असतं नाहीतर वाकडं झालेलं असतं. मी म्हटलं, "मला माहीत नाही." माझ्या शेजारी कौसाबाई होती. ती म्हणाली, "आमी तर आत्ताच वर आलाव."

साहेबांनी आमच्या दोघींच्या ओल्या पदरांकडं बघितलं. "बरं," ते म्हणाले. "ज्यांनी केलं असेल त्यांना माझा निरोप द्या. म्हणावं, मला एकदा शिकवा."

या महिन्यात साहेबांना साठ वर्षं पूर्ण होत आहेत आणि याच महिन्यात ते कंपनीतून निवृत्त होत आहेत. त्यासाठी हा अंक निघतो आहे. ऑफिसच्या मॅडम मला म्हणाल्या, सुमनताई, मजुरांच्या वतीनं तुम्ही लिहा, चार चांगले शब्द. मी चौथी शिकलेली बाई आहे आणि दिवसभर उभं राहून संध्याकाळी लिहायला बसणं मला जिवावर येतं. पण साहेबांबद्दल बाकीचे सगळे जे लिहितील ते मला आत्ताच माहीत आहे. हुशार, कष्टाळू, शिस्तीचे. ते खरंच आहे. पण त्यांचं खरं काम काय, हे आमच्यापैकी कुणी सांगितलं नाही तर कुणाला कळणार नाही. म्हणून लिहिते.

आधी त्या खांबांचं सांगते. नवा भरलेला खांब आठवडाभर तरी ओला ठेवावा लागतो, नाहीतर तो कच्चा राहतो. त्याला गोणपाट गुंडाळायचं आणि दिवसातून चार-पाच वेळा पाइप घेऊन पाणी मारत फिरायचं, हे आम्हा बायांचं काम. उन्हाळ्यात गोणपाट तासाभरात वाळतं. आम्ही सहाजणी दिवसभर पाइप ओढत जिने चढायचो. मला या फेऱ्यांचा वीट आला होता. रंगवाल्यांच्या रिकाम्या बादल्या पडल्या होत्या. मी एकीच्या बुडाला खिळ्यानं भोक पाडलं, त्यात चिंधीची वात घातली आणि खांबाच्या वर निघालेल्या सळयांना ती बादली बांधून दिली. थेंब थेंब पाणी गोणपाटावर पडत राहिलं. सकाळी भरली की दुपार ढळेपर्यंत बघायला नको. शंकराच्या पिंडीवर गळती असते, तीच ही. त्यात माझी अक्कल काही नव्हती, कंटाळा होता.

दुसऱ्या दिवशी मी साहेबांना खरं सांगितलं. साहेबांनी दोन दिवस घड्याळ घेऊन, उपड्या घमेल्यावर बसून सगळं मोजलं. कितीदा पाणी भरलं, गोणपाट किती वेळ ओलं राहिलं, किती बाया लागल्या. साहेबांना तेव्हापासूनच हा नाद. बांधकामात नवीन काहीतरी सुचतं ते कामगारालाच, असं त्यांचं म्हणणं, पण सुचलेलं मोजलं नाही तर ते हवेत जातं. त्यांनी गेटजवळ हजेरीच्या जागी एक काळा फळा लावला होता. एका बाजूला 'जुनी रीत', दुसऱ्या बाजूला 'नवी रीत', खाली माणसाचं नाव. तिसऱ्या दिवशी त्यावर लिहून आलं: 'खांबांना पाणी. जुनी रीत, सहा बाया. नवी रीत, तीन बाया. सुमन गवळी.'

रेशन कार्ड आणि शाळेचा दाखला सोडून माझं नाव मी आणखी कुठं लिहिलेलं पाहिलं नव्हतं. मी रविवारी माझ्या पोरीला काळेवाडीहून मुद्दाम तिथं घेऊन गेले आणि तिच्याकडून वाचून घेतलं.

सोमवारी ठेकेदारानं तीन बायांना गेटवरूनच परत पाठवलं. त्यातली एक कौसाबाई.

ही कौसाबाई कोण, तर मला पुण्यात आणणारी बाई. आमच्या गावाशेजारच्या गावची, माझ्याहून पंधरा वर्षांनी मोठी, नवरा गेलेली. काळेवाडीत खोली तिनंच बघून दिली, पहिल्या साइटवर हात धरून तिनंच नेलं. पाइप कसा धरायचा म्हणजे खांदा दुखत नाही, ते तिनंच शिकवलं. आणि माझ्या बादलीनं तिची जागा गेली. त्या संध्याकाळी नळावर ती माझ्याशी बोलली नाही. हंडा भरला, उचलला, गेली. पुढचे तीन महिने तेच.

मी साहेबांना काही बोलले नाही. बोलले असते तर चौथी मी असते. पण साइटवरच्या सगळ्यांनी बघितलं होतं. फळ्यावर नवीन रीत येणं बंद झालं. साहेब बेचैन. त्यांनी सकाळच्या हजेरीला भाषण दिलं, नवी रीत सांगणाऱ्याला स्टीलचा डबा बक्षीस ठेवला. मग लोकांनी डब्यापुरतं सांगितलं. घमेली धुऊन ठेवावीत. बिड्या पिऊन थोटकं टाकू नयेत. एका गवंड्यानं सांगितलं की सकाळी लवकर कामाला सुरुवात केली तर लवकर काम होतं. साहेबांनी तेही लिहिलं, बिचाऱ्यांनी.

एक दिवस ते पाण्याच्या टाकीपाशी मला म्हणाले, "सुमनबाई, माणसांना झालंय काय? एवढी डोकी आहेत, एकालाही काही सुचत नाही?"

माझा पारा आधीच चढलेला होता. मी म्हटलं, "सुचतंय की. सांगणार कोण? तुम्ही फळ्यावर लिहिलं तीन बाया पुरतात, त्यांनी तीन बाया घालवल्या. आता गवंड्यानं काही सांगितलं तर त्याचा मदतनीस घरी जाईल. लोकं काय येडी आहेत का?"

साहेब म्हणाले, "कोण तीन बाया?"

हे मी मुद्दाम लिहिते आहे. गौरवाच्या लेखात असं लिहीत नाहीत म्हणे. पण साहेबांना तीन महिने खांब दिसत होता आणि बाया दिसल्या नव्हत्या, हे खरं आहे. त्यांनी स्वतः ते नंतर शंभर वेळा सांगितलं आहे, त्यामुळं मी लपवून काय उपयोग.

साहेब तसेच उठून ठेकेदाराकडं गेले. मला म्हणाले, चला. ठेकेदार बबनशेठ, इथल्याच गावचे, जमीनजुमल्याचे, तोंडाचे फटकळ. खुर्चीत बसून चहा पीत होते.

"बबनशेठ, त्या तीन बायांना का काढलं?"

"मी कुठं काडलं साहेब? तुमच्या फळ्यानं काडलं," बबनशेठ म्हणाले. "तुमीच घड्याळ लावून लिव्हलंय, तीन बाया पुरत्यात. म्या काय खुळा हाय व्हय सहा ठिवायला?"

साहेब म्हणाले, "चूक तुमची नाही. मी चुकीचं मोजलं."

"आता कसं बोललात," बबनशेठ म्हणाले. "च्या घ्या."

साहेबांनी चहा घेतला नाही. मला विचारलं, त्या तिघी आता कुठं असतील. दोघी गावी गेल्या होत्या. कौसाबाई रोज सकाळी मजूर अड्ड्यावर उभी राहते, हे मला माहीत होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी साहेब काळेवाडीला आले. गाडी लांब लावून चालत आले. अड्ड्यावर शंभर-दीडशे माणसं उभी असतात, कुणी कामाला नेईल म्हणून. साहेब दिसल्याबरोबर वीस जणांनी घेराव घातला, किती माणसं पाहिजेत साहेब, काय काम आहे साहेब. त्यातून वाट काढत आम्ही कौसाबाईपर्यंत पोचलो. ती दुकानाच्या पायरीवर बसली होती. उठली नाही.

"कशाला आलाव?" ती म्हणाली. "आनखी एक बादली लटकवायची ऱ्हायली का?" हे मला होतं.

साहेब म्हणाले, "कौसाबाई, तुमचं काम माझ्यामुळं गेलं. परत या म्हणून सांगायला आलोय."

कौसाबाईनं त्यांना खालपासून वरपर्यंत बघितलं. "येते की. यायला काय झालंय. पर उद्या हिला आनखी कायतरी सुचंल. हिचं डोकं काय गप बसत नाही. मग मी परत हितंच. रोज रोज तुमी न्यायला येनार का गाडी घेऊन?"

"नाही," साहेब म्हणाले.

"मग? त्याचं काय ते ठरवा आधी. तंवर मी हितं बरी हाय."

मला तिचा राग आला होता, खरं सांगते. साहेब स्वतः आलेत आणि ही बाई भाव खाते. पण आज विचार केला की वाटतं, त्या पायरीवर बसून ती जे बोलली ते कुणा शिकलेल्या माणसाच्या डोक्यात आलं नव्हतं. कंपनीत पुढं जे काही झालं ते तिच्या त्या प्रश्नातून झालं.

साहेबांनी आठ दिवस काढले. इमारतीतल्या सगळ्या भिंती फिरून बघितल्या. प्लास्टरला जागोजागी केसासारख्या चिरा गेल्या होत्या, कारण भिंतींवर पाणी मारायला कुणाला सवडच नव्हती. आधी सहाच्या सहा बाया खांबांमागं, आणि आता तर तिघीच उरल्या होत्या. साहेबांनी प्रत्येक चिरेवर खडूनं खूण केली आणि बबनशेठना हाताला धरून मजल्यामजल्यावर फिरवलं. "ह्या तिघी इथं लागतील," म्हणाले. बबनशेठ चिरा मोजून दमले. प्लास्टर परत करायचं ठरलं तर ते त्यांनाच करावं लागणार होतं. "ठिवा बाबा," म्हणाले, "पर माज्यामागं त्यो खडू घिऊन फिरू नगा."

मग सकाळच्या हजेरीला सगळ्या माणसांपुढं साहेब उभे राहिले आणि म्हणाले, "मी फळ्यावर माणसं मोजली. ती माझी चूक. यापुढं माणसं मोजणार नाही." आणि फळ्याच्या अगदी वर त्यांनी खडूनं नाही, पांढऱ्या रंगानं लिहिलं: 'नव्या रीतीमुळे कोणाचाही रोजगार जाणार नाही. मोकळ्या झालेल्या हातांना दुसरं काम दिलं जाईल.' कौसाबाई त्या दिवशी गेटच्या बाहेर उभी राहून ऐकत होती. कुणाकडून तरी ते दोनदा वाचून घेतलं. मग आत आली आणि मला म्हणाली, "सुमे, पाइप कुठं ठिवलाय?" तीन महिन्यांनी पहिलं सरळ वाक्य.

मग साहेबांनी मोजायचं काय, हा प्रश्न होताच. मोजण्याशिवाय त्यांना चैन पडत नाही. आधी ते घड्याळ घेऊन उभे राहायचे आणि खूश व्हायचे. मी एकदा सांगितलं, साहेब, तुम्ही उभे राहिलात की लंगडासुद्धा पळतो. तेव्हापासून त्यांनी नवी रीत सुरू झाली की तिकडं बघणंच सोडलं. महिना, दीड महिना जाऊ द्यायचे आणि मग न सांगता भलत्याच वेळी यायचे. माणसं अजून तसंच करत असली, कुणी न सांगता, तर ती रीत खरी. शेजारच्या साइटवर कुणी बघून उचलली असली तर आणखी खरी. नसली तर फळ्यावरून पुसायची.

हे त्यांनी स्वतःलाही लावलं. त्यांनी डोकं चालवून विटा वाहायला चाकांची एक गाडी बनवून घेतली होती. ते उभे होते तोवर आम्ही ती मोठ्या हौसेनं ढकलली. दीड महिन्यानं आले तेव्हा तिच्यावर कुणाचे तरी कपडे वाळत होते. वाळूत चाकं रुतायची, दुसरं काय. साहेबांनी फळ्याकडं जाऊन लिहिलं: 'विटांची गाडी. गोसावी. नापास.' आठ दिवस ते पुसू दिलं नाही. त्या आठ दिवसांत फळ्यावर चार नव्या रीती आल्या. स्टीलच्या डब्यानं जे झालं नव्हतं ते त्या 'नापास'नं झालं. सळई बांधणारा उत्तरेकडचा एक भैया दोन वर्षं तोंड उघडत नव्हता. तो स्वतःहून आला आणि त्यानं सळईचे तुकडे मापाप्रमाणं रंगवून ठेवायची रीत सांगितली. ती आज चाकणच्या आमच्या साइटवरही चालू आहे. कुणाची ते आता कुणाला माहीत नाही, पण चालू आहे.

साहेबांच्या मायेबद्दल लिहायला सांगितलं आहे. साहेब मायाळू वगैरे दिसत नाहीत. तोंडावर हसू कमी, जेवायच्या वेळी जेवत नाहीत आणि दुसऱ्यालाही जेवू देत नाहीत. एकच सांगते. मला टेप वाचता यायचा नाही. फूट कळायचा, पुढच्या बारीक रेघा कळायच्या नाहीत. गवंडी काहीही माप सांगायचा आणि मी मान हलवायची. साहेबांच्या ते ध्यानात आलं, पण ते कुणासमोर बोलले नाहीत. रोज दुपारी माझा डबा उघडायच्या आत येऊन टेप पुढं धरायचे. "ह्याला सूत म्हणतात. एका इंचात आठ. हे किती?" मी चिडायची. म्हणायची, साहेब, भाकरी वाळते. ते म्हणायचे, वाळू द्या, हे किती? पंधरा-वीस दिवस हा छळ चालला. आज पंचवीस बाया माझ्या हाताखाली आहेत आणि कुठलाही गवंडी मला माप चुकीचं सांगू शकत नाही. त्याचं श्रेय त्या वाळलेल्या भाकरींना.

आता अलीकडचं. कंपनीनं हे सगळं मोबाइलवर घेतलं आहे. प्रत्येक साइटनं महिन्याला दहा नव्या कल्पना भरायच्या, त्यावर साइटला गुण, सगळ्यात जास्त गुण त्या साइटला ढाल. महिन्याला दहा. कोंबडी तरी नेमानं अंडी देत नाही. महिनाअखेरीला आमचे सुपरवायझर माझ्याकडं येतात, मावशी, तीन कमी पडतात, सांगा काहीतरी. मी सांगते. घमेली धुऊन ठेवावीत. ते लिहून घेतात. मागल्या खेपेला ढाल आमच्या साइटला मिळाली. पेढे वाटले. मी खाल्ला, पेढा चांगला होता.

मोबाइलच्या त्या फॉर्मात एक रकाना आहे: 'किती मनुष्यबळ वाचले.' माझ्या पोरीनं तो मला वाचून दाखवला तेव्हा मी तिला परत वाचायला लावलं. फळ्यावरचं वरचं वाक्य त्यात कुठंच नाही. साहेब साइटवर होते तोवर ते वाक्य ठेकेदारांनी पाळलं, कारण साहेब खडू घेऊन मागं लागतील हे त्यांना माहीत होतं. साहेब या महिन्यात जातात.

मागल्या आठवड्यात मी त्यांना विचारलं. चाकणच्या साइटवर आम्ही सावलीला बसलो होतो. साहेबांचे गुडघे आता दुखतात, माझेही.

"साहेब, तुम्ही गेल्यावर त्या वाक्याचं काय?"

ते म्हणाले, "सुमनबाई, ठेकेदाराच्या करारात ते घाला म्हणून मी दोनदा वर लिहून दिलंय."

"मग?"

"उत्तर नाही."

"तिसऱ्यांदा द्या."

"दमलो हो," ते म्हणाले. एवढ्या वर्षांत त्यांच्या तोंडून हा शब्द मी पहिल्यांदा ऐकला. नंतर खिशातून कागद काढून त्यावर काहीतरी लिहीत बसले. ते तिसरं पत्र होतं, हे मला त्यांच्या शिपायानं सांगितलं. त्यालाही हा लेख लिहीपर्यंत उत्तर आलेलं नाही.

कौसाबाई अजून आमच्यात आहे. खांबांचं काम तिला आता झेपत नाही. ती गेटवर बसून औजारं देते-घेते. ही जागाही अशीच एका नव्या रीतीतून निघाली, साहेबांच्या वाक्यामुळं. साहेब निवृत्त होणार हे कळल्यावर ती मला एवढंच म्हणाली, "मग मी बी गाठोडं बांधून ठिवते." चेष्टेत म्हणाली. मी हसले नाही.

हा अंक कंपनीचे सगळे मोठे साहेब वाचणार, असं मॅडम म्हणाल्या. म्हणून त्यांना सांगते. आत्ता माझ्या डोक्यात एक रीत आहे. स्लॅब भरताना काँक्रीट वर पोचवायची. वर्षभर मी तिचा विचार केला आहे आणि माझ्या दोन बायांना बरोबर घेऊन करून बघितली आहे. चालते. ढाल मिळेल एवढी मोठी आहे. पण त्यात आठ माणसांचं काम चार माणसांत होतं, म्हणून मी ती गोसावी साहेबांनाही सांगितलेली नाही. सांगितली असती तर त्यांनी मोजली असती, आणि ते गेल्यावर ती चार माणसं अड्ड्यावर गेली असती.

साहेब, तुम्हाला उदंड आयुष्य मिळो. गुडघे चालते राहोत, वेळेवर जेवायची अक्कल येवो, घरी वहिनींच्या मागं घड्याळ घेऊन फिरू नका. तुमच्या पत्राला उत्तर येईल आणि ते वाक्य करारात लिहून येईल, त्या दिवशी मला फोन करा. मी तुमच्या घरी येऊन ती रीत पहिल्यांदा तुम्हालाच दाखवीन. तोवर ती माझ्यापाशी राहील आणि आम्ही आठजण काँक्रीट वाहत राहू. तेवढ्यासाठी तरी तुम्ही भरपूर जगा.